आपली गोष्ट वेगळी

प्रेमराजनानांना दोन मुलं आणि दोन स्वप्नं. स्वप्नं नानांची, ती पुरी करायची मुलांनी, अशी सरळ वाटणी होती. मोठा कुंदन घरची शेती सांभाळेल आणि धाकटी भाविका पुण्याच्या इंजिनिअरच्या घरी जाईल, हे नानांनी ती दोघं शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं. मुलांना विचारायचं राहून गेलं. आमच्याकडे कपाशीचं बियाणं घ्यायचं तर माणूस चार दुकानं फिरतो, दहा जणांचा सल्ला घेतो. पण मुलांचं भविष्य म्हणजे घरातली गोष्ट. त्यात कोणाला काय विचारायचं?

आमचं गाव धरणगावजवळ. नाना माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, भिंतीला भिंत लागून घर. या प्रकरणात माझा संबंध एवढाच, की भाऊबंदात सात सीटची गाडी माझ्याकडेच आहे. पाहायची मुलगी एक असली तरी पाहायला सात माणसं लागतात. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडच्या लग्नाळू मुलींच्या घरचे जेवढे पोहे मी खाल्ले, तेवढे कुठल्या नवरदेवानेही खाल्ले नसतील. माझं स्वतःचं लग्न झालेलं आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

कुंदन तिशीला टेकला होता. दिसायला चांगला, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, बोलणं कमी. घरी कपाशी, मका, विहिरीला बारमाही पाणी, बैठकीत नवा सोफा. खोट काढायला जागा नव्हती. फक्त तो शेतकरी होता. मुलींचे बाप बायोडाटा हातात घेत, उंची वाचत, रास वाचत, शेती या शब्दापाशी येत आणि चष्मा काढून ठेवत.

त्या दिवशी आम्ही पारोळ्याकडच्या एका गावी गेलो होतो. मुलीचा बाप गोठ्यातून हात धुऊनच आमच्यात येऊन बसला. पोहे झाले, चहा झाला, मुलीने खाली मान घालून नाव सांगितलं. मग तो नानांना हळूच म्हणाला, "पोरगा सोनं शे, भाऊ. पन आमनी पोरले नोकरीवालाच पाहिजे."

परतताना एरंडोल मागे पडलं आणि नाना फुटले.

"दखं का, हितू? सोता गोठामा शेन उचलस, आनि शेतकरीले पोर द्यायले लाज वाटस! शेतकरी नको, तर मंग ह्या लोके खातीन काय? मोबाईल भाजीसन खातीन?"

हितू म्हणजे मी. मागच्या सीटवरून काका, मामा, मावसे सगळ्यांनी हुंकार भरले. मला तर नानांचं बोलणं शंभर टक्के पटलं. असं भाषण जिल्ह्याच्या ठिकाणी व्हायला पाहिजे, असं वाटून गेलं.

घरी पोचलो तर ओट्यावर रुपचंदभाऊ बसलेले. रुपचंदभाऊ म्हणजे सोयरिकी जमवणारे. त्यांनी भाविकासाठी पहूरचं स्थळ आणलं होतं. मुलगा शेतीत पदवीधर, केळीच्या बागा, ठिबक, घरी मोजकी माणसं, काही मागणं नाही.

"नोकरी कठे शे?" नानांनी विचारलं.

"नोकरी नाही, नाना. शेतीच करतो. पण एक नंबर शेती."

नानांची बशी ओठापाशी थांबली. "शेतकरीले पोर देऊ मी? बठ्ठं आयुष्य चिखलमा काढाले?"

मी म्हटलं, "नाना, आत्ता गाडीत तुम्ही..."

"ते येगळं," नाना म्हणाले. "आपली गोष्ट येगळी शे."

आणि त्यांनी चहा संपवला.

भाविका आतल्या दारात उभी होती. तिने बीएस्सी ॲग्री केलेलं. ते नानांनी का करू दिलं, याचं उत्तर सोपं आहे: बायोडाट्यात पदवी दिसते आणि कुठली पदवी ते कोणी वाचत नाही. ती बाहेर आली आणि म्हणाली, "मला पहूरही नको आणि पुणंही नको. मला इथे आपल्या शेतात रोपवाटिका टाकायची आहे. मिरची, वांगी, पपई. लोक रोपं आणायला किती लांब जातात."

आयुष्यात पहिल्यांदाच ती स्वतःच्या स्वप्नाबद्दल चार माणसांत बोलली होती.

"आधी त्या कपबश्या उचल," बेबाकाकू म्हणाल्या. बेबाकाकू म्हणजे तिची आई.

तिने कपबश्या उचलल्या. विषय संपला.

जाण्याआधी रुपचंदभाऊंनी कुंदनच्या दुखण्यावर औषध सांगितलं. "पोराला पुण्याला पाठवा. कुठेही चिकटवा. कंपनी म्हटलं की झालं. लग्न उरकलं की आणा परत. सगळे असंच करताहेत आता."

नानांना हे पटलं. फसवणूक वगैरे शब्द त्यांच्या मनाला शिवला नाही, कारण लोक फसवतात ते वेगळं आणि आपली गोष्ट वेगळी.

कुंदन पुण्याला गेला. चाकणकडे एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर लागला, तोही ठेकेदाराकडून. राहायला एका खोलीत चौघं. चौघांच्याही घरी जमिनी, चौघंही लग्नासाठी नोकरीला आलेले. दिवसभर खोकी बांधायची आणि रविवारी नवा शर्ट घालून गावाकडे मुलगी पाहायला जायचं, असा त्यांचा कार्यक्रम. इकडे नाना पारावर बसून त्याला बढत्या देत होते. आषाढात तो कामगार होता, श्रावणात सुपरवायझर झाला आणि पोळ्यापर्यंत त्याच्या हाताखाली माणसं आली. कंपनीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

औषध मात्र लागू पडलं. स्वतःच्या विहिरीचा मालक असताना जो कोणाला नको होता, तो खोकी बांधायला लागल्यावर सगळ्यांना हवा झाला. नानांचा फोन वाजायचा थांबेना.

याच दिवसांत एकदा कुंदनचा मला फोन आला. म्हटलं, पोरगा कंटाळला असेल. विचारलं, "कसं काय रे?"

"दादा, इथे पाळी संपली की काम संपतं," तो म्हणाला. "संपतं म्हणजे खरंच संपतं. डोक्यात काही राहत नाही. आभाळ भरून आलं तरी मला काही होत नाही. मी नुसता बघतो." आणि तो हसला. त्याला इतकं लांबलचक बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

इकडे शेतीचा प्रश्न होता. नानांचे गुडघे गेलेले. कुंदन परत येईपर्यंत तात्पुरतं म्हणून भाविका शेतात जाऊ लागली. तिने विहिरीजवळच्या तुकड्यात हिरवी शेडनेट उभी केली, ट्रे आणले, मिरचीचं बी टाकलं. नाना येणार्‍याजाणार्‍याला सांगत, "पोरीना टाइमपास शे. लग्न व्हयनं की बंद." टाइमपास बघायला आधी शेजारच्या शिवारातले लोक आले, मग शेजारच्या गावातले, आणि रोपं घेऊन गेले. उन्हात तिचा रंग रापला तेव्हा मात्र काकू हबकल्या आणि तिला तोंडाला बांधायला तीन ओढण्या घेऊन दिल्या. घरातून तिच्या धंद्याला झालेली ही पहिली मदत.

मग धुळ्याचं स्थळ आलं. मुलगी डिंपल, डी.फार्म. झालेली, एका मेडिकलवर कामाला. तिचे वडील अभिमनआबा धुळ्याजवळच्या गावचे बडे शेतकरी. मुलींच्या शिक्षणासाठी शहरात घर बांधलेलं. ठरल्या रविवारी आम्ही सहा जण निघालो. कुंदन पुण्याहून थेट धुळ्याला आला. नानांनी फोन करून बजावलं होतं, त्याप्रमाणे कंपनीचं ओळखपत्र गळ्यात. सुट्टीच्या दिवशी, सासुरवाडीत.

अभिमनआबांनी ते ओळखपत्र लांबूनच वाचायचा प्रयत्न केला आणि समाधान पावले. मग विचारलं, "गावाकडे शेती आहे ना पण?"

"भरपूर शे," नाना म्हणाले.

"ती पाहिजेच. पण मुलीला तिकडे राहावं लागणार नाही ना?"

"छे छे!" नाना शहरी मराठीत आले. "पायसुद्धा ठेवणार नाही."

म्हणजे जमीन पाहिजे, पण ती पायाला लागायला नको. दोघांचं यावर एकमत झालं आणि पोह्यांची दुसरी फेरी आली.

डिंपल धीट होती. ती सरळ म्हणाली, "मला यांच्याशी पाच मिनिटं बोलायचंय." दोघं गच्चीवर गेली. खाली मोठी माणसं खुशीत. त्या खुशीतच अभिमनआबांनी खुर्ची पुढे ओढली.

"नाना, तुमची मुलगीही लग्नाची आहे, असं ऐकतो. ॲग्री झालेली. आमच्या मोठ्यासाठी बघायची का? दोन्ही घरं एक होतील."

"काय करतो मोठा?"

"घरची शेती पाहतो. ट्रॅक्टर, कांदा, डाळिंब... सगळं त्याच्याच हातात."

नानांनी पोह्यांची रिकामी बशी खाली ठेवली. "शेतकर्‍याला?" नाना म्हणाले. "नाही, आबा. आमच्या मुलीला आम्ही पुण्यातच देणार."

अभिमनआबा लाल झाले. "शेतकर्‍याला म्हणजे? तुम्ही कोण मग? शेतकर्‍याच्या घरात मुलगी द्यायला लाज वाटते तुम्हाला? खाता काय तुम्ही?"

"मग तुम्ही नोकरीवाला जावई कशाला शोधताय? तुमचं काय पोट भरत नाही शेतीवर?"

"आमची गोष्ट वेगळी आहे!"

"आमची पण वेगळीच आहे!"

दोघंही उभे राहिले. पारोळ्याहून येताना गाडीत ऐकलेलं ते भाषण आता दोन बाजूंनी, एकाच वेळी, मोठ्या आवाजात चाललं होतं. मोबाईल भाजून खाण्यापर्यंत दोघं जवळजवळ एकदमच पोचले. इतके सारख्या विचारांचे व्याही मी कुठे पाहिले नव्हते. अशी सोयरीक खरं तर स्वर्गात जुळलेली असते. पण पाचव्या मिनिटाला आम्ही सहा जण चपला शोधत होतो. कुंदनला गच्चीवरून हाक मारून बोलवावं लागलं.

गाडीत नाना म्हणाले, "असल्या माणसाच्या घरी पाणी नाही प्यायचं."

कुंदन माझ्या शेजारी बसून हसू दाबत होता. त्याला मी धुळ्याच्या स्टँडवर सोडलं. डिकीतून बॅग काढताना तो मला हळूच म्हणाला, "दादा, तिला सगळं खरं सांगून टाकलं. नोकरी ठेकेदाराची आहे, लग्नासाठी घेतली आहे, नानांना मला परत आणायचंय."

"मग?"

"ती म्हणाली, 'तुम्हाला परत जायचंय का?' मी म्हटलं, 'नाही.' तर म्हणाली, 'मग तुमच्या वडिलांना आत्ता काही सांगू नका.'" तो थांबला. "मला कोणी विचारलंच नव्हतं रे आजवर. जायचंय का, यायचंय का."

पुढचे महिने दोघांचे फोन चालू होते. मग एके दिवशी कुंदनने नानांना कळवलं, की लग्न करीन तर डिंपलशीच. तिकडे डिंपलनेही तेच कळवलं. दोन्ही बापांनी आठवडाभर अन्न गोड लागू दिलं नाही, आणि मग माणसं जसं करतात तसं केलं: हॉल पाहायला गेले. धुळ्यात थाटात लग्न लागलं. फोटोग्राफरने सांगितल्यावर दोघा व्याह्यांनी मिठी मारली. फोटो चांगला येईना म्हणून पुन्हा मारली.

पूजा झाली, पाहुणे पांगले. नानांनी कुंदनला ओट्यावर बोलावलं. "आता दे राजीनामा. बस झालं पुणं."

"नाही नाना," कुंदन म्हणाला. त्याला एवढंच बोलता आलं. उरलेलं डिंपल म्हणाली, तेही डोक्यावर पदर घेऊन, अगदी आदराने. "नाना, तुम्हीच आमच्या घरी सांगितलं होतं ना, मुलगा पुण्याला असतो म्हणून? आणि मी तिकडे पाय ठेवणार नाही, हेही तुम्हीच सांगितलं होतं."

इतकं लक्षपूर्वक नानांचं बोलणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

ती दोघं पुण्याला गेली. ती तिकडे मेडिकलवर लागली, आणि कुंदन नानांनी त्याला श्रावणात केलेल्या पदावर पुढच्या वर्षी खरोखरच पोचला.

आता नानांकडे एकच स्वप्न उरलं होतं आणि ते ट्रेमध्ये मिरची लावत होतं. रुपचंदभाऊंनी जीव तोडून शोधलं आणि स्थळ आणलं: तेजस, मूळ भुसावळचा, वडील रेल्वेतून निवृत्त, मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. नानांनी ठरवलं, आधी आपण जाऊन घर पाहून येऊ. भाविकाला न सांगता आम्ही दोघंच भुसावळला गेलो. मुलगा सुट्टीला घरी आलेला होता.

घर छान होतं. माणसं छान होती. तेजस तर इतका छान होता, की नानांनी त्याला मनातल्या मनात हार घातला. ते कौतुकाने म्हणाले, "मग पुढे काय विचार? परदेशात वगैरे?"

तेजसचे डोळे चमकले. "नाही काका. माझं स्वप्न वेगळं आहे. दोन वर्षांत नोकरी सोडायची. गावाकडे थोडी जमीन घ्यायची, गायी पाळायच्या, मातीचं घर बांधायचं. नैसर्गिक शेती. म्हणून तर मी ॲग्रीवाली मुलगी शोधतोय. मातीत काय शांतता असते, काका!"

आत स्वयंपाकघरात काहीतरी आपटलं. ती त्याची आई असावी. वडील पडलेल्या आवाजात म्हणाले, "आम्हाला वाटतं, लग्न झालं की उतरेल त्याचं."

नाना अर्धे पोहे टाकून उठले. माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच.

वरणगावच्या रस्त्याला एका मेव्हण्यांना भेटायचं होतं म्हणून त्या बाजूने वळलो. तिथल्या सरकारी दारूगोळा फॅक्टरीची लांबच लांब भिंत सुरू झाली तेव्हा नाना म्हणाले, "गाडी जराशी हळू घे."

मी हळू घेतली.

"अठे लागनार व्हतू मी," ते म्हणाले. "तुना मोठा बापनी सांगं, तू गया तर शेती कोन करी? मी एकलताच व्हतू. मंग राह्यनू."

'मोठा बाप' म्हणजे नानांचे वडील, उखर्डूआबा. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं. माझ्या जिभेवर चांगलं धारदार वाक्य आलं होतं: म्हणजे तुम्ही कुंदनला तेच करत होतात. पण नाना भिंतीकडे बघत होते, एकसारखे, जणू आत अजून त्यांची जागा रिकामी होती. मी ते वाक्य गिळलं.

"वावर एक जनले धरी ठेवसच," ते म्हणाले. "म्हनीसन म्हटलं, दुसरं तरी सुटाले पाहिजे. पोरगी तरी. आनि ती पोरगी दख."

पुढे मेव्हण्यांच्या घरी चहा घेतला तेव्हा ते पुन्हा नेहमीसारखे झाले आणि हल्लीच्या मुलांना डोकं नाही, हे त्यांनी सविस्तर सांगितलं.

घरी आल्यावर लपवून उपयोग नव्हता. काकूंनी विचारलं, नानांनी सांगितलं. मातीच्या घरापर्यंत आल्यावर भाविका इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं.

"अरे देवा. त्याला शेती शांततेसाठी पाहिजे!" ती डोळे पुसत म्हणाली. "नाना, मला कामासाठी पाहिजे. उद्या पपईची रोपं जायची आहेत, टेम्पो लवकर येणार आहे. तुम्ही येता का? ट्रे उचलायचे नाहीत, नुसते मोजून द्या."

"मी? माझे गुडघे..."

"खुर्ची ठेवते."

दुसर्‍या दिवशी मीही गेलो, कारण सात सीटच्या गाडीत सीटा पाडल्या की ट्रे बसतात, हे आता तिलाही कळलं होतं. नाना शेडनेटच्या सावलीत खुर्चीवर बसून होते. आधी नुसते मोजत होते. मग "असं नका ठेवू, मुळं हालतील" असं टेम्पोवाल्यावर ओरडू लागले. थोड्या वेळाने खुर्ची रिकामी होती आणि नाना कमरेवर हात ठेवून टेम्पोत उभे होते.

रोपं न्यायला आलेला माणूस चोपड्याकडचा होता. म्हातारा, गप्पिष्ट. त्याने एक रोप उचलून मुळं पाहिली, मान डोलावली आणि नानांना विचारलं, "रोप झकास शे, भाऊ. पोरंसोरं काय करतात तुमची?"

"मुलगा पुण्याला असतो, कंपनीत," नाना म्हणाले.

"वा वा! आणि मुलगी?"

नानांनी शेडनेटच्या आत पाहिलं. भाविका पाठमोरी उभी राहून फोनवर कोणालातरी मिरचीचा भाव ठासून सांगत होती.

"शेती करते," ते म्हणाले.

"अरेरे," म्हातारा कळवळून म्हणाला. "एखादं नोकरीवालं स्थळ पाहा बुवा लवकर. पोरीचा जन्म मातीत जायला नको."

मी नानांच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं, आता त्यांचं ते 'आपली गोष्ट येगळी' येणार. पण नानांनी म्हातार्‍याच्या हातातलं रोप काढून घेतलं, परत ट्रेमध्ये नीट बसवलं आणि म्हणाले, "तुमचं भरून झालं असेल तर निघा, भाऊ. मागे दुसरा टेम्पो थांबलाय."

मागे कुठलाच टेम्पो नव्हता.